आमच्या घरातला ‘पोलिओ’

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘तंत्रज्ञान आणि आरोग्य’. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, तेव्हा मी एखादं अ‍ॅप दाखवीन असं त्यांना वाटलं असावं. अ‍ॅप मी एक बनवलं होतं. त्याची गोष्ट पुढे सांगतो, फार अभिमानाची नाहीये. पण आज मला माझ्या भाच्याबद्दल बोलायचंय. तो 16 वर्षांचा आहे. बोलू का म्हणून त्याला विचारलं, तर म्हणाला, “बोल मामू, पण नाव घेऊ नको. व्हिडिओ शाळेच्या ग्रुपवर फिरेल.” म्हणून भाचा एवढंच म्हणणार.

आम्ही यवतचे. पुणे-सोलापूर रस्त्यावरून गेला असाल तर यवत लागलंच असेल. उसाचा पट्टा, गुऱ्हाळं, जवळून कालवा जातो. तुकाराम महाराजांची पालखी आमच्याकडे मुक्कामाला असते आणि त्या रात्री सगळ्या गावाला पिठलं-भाकरीचा वास येतो. माझ्या आपाचं सासर गावातच आहे. दुल्हेभाईंचं हायवेला वेल्डिंगचं दुकान आहे. मी नोकरीपायी हडपसरला राहतो.

गोष्ट सुरू करायची तर एका फोटोपासून करावी लागेल. आमच्या नानीच्या घरी एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो होता. खाटेवर बसलेला एक मुलगा, पाय बारीक, पोटऱ्या मात्र भरलेल्या, चेहरा हसरा. तो माझा मामू. अम्मीचा धाकटा भाऊ. 1984 साली 17 वर्षांचा असताना वारला. काय झालं होतं विचारलं की उत्तर ठरलेलं: पोलिओ. आम्हा भावंडांना लहानपणी पोलिओचे डोस पाजायला नेताना अम्मी न चुकता त्याची आठवण काढायची. पोलिओ झालेलं मूल पहिल्या तापात लुळं पडतं आणि मग बहुतेक तिथेच थांबतं. मामू आठ-नऊ वर्षांचा होईपर्यंत चालत होता, मग पडायला लागला, मग बसला, मग हात गेले, मग श्वास. हे पोलिओत बसत नाही. पण ते कोणी तपासून पाहिलं नाही, आम्हीही नाही.

भाचा 2009 सालचा. दीड वर्षाचा झाला तरी चालेना. चालायला लागला तो चवड्यांवर. पोटऱ्या अशा टणक की पाहुणे म्हणायचे, पैलवान होणार. जिना चढताना कठड्याला धरायचा. जमिनीवरून उठताना आधी ओणवा व्हायचा, मग हात गुडघ्यावर, मग मांडीवर, जणू स्वतःच्याच अंगावर चढतोय. या उठण्याला डॉक्टरांकडे नाव आहे, गोवर्स साइन. आम्हाला ते नाव सात वर्षांनी कळलं. तोपर्यंत कॅल्शियमचं औषध झालं, तेलाची मालिश झाली, दोन ताविज झाले, बूट बदलून झाले. “मोठा झाला की जाईल” हे तर रोजचंच.

2016 मध्ये पुण्यातल्या एका डॉक्टरांनी त्याला फक्त जमिनीवर बसवून उठायला सांगितलं आणि लगेच रक्ताची एक तपासणी लिहून दिली. सीपीके. साधारण दोनशेच्या आत असायला हवं, त्याचं पंधरा हजारांच्या वर होतं. मग जनुकीय तपासणी. अहवालात लिहिलं होतं, ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, एक्सॉन 45 ते 50 नाहीत.

आता हे मला माझ्या धंद्याच्या भाषेत सांगू द्या. आपल्या स्नायूंमध्ये डिस्ट्रॉफिन नावाचं एक प्रथिन असतं. स्नायू आकुंचन पावताना त्याच्या पेशी फाटू नयेत म्हणून ते आतून आधार देतं. ते कसं बनवायचं याचा मजकूर एका जनुकात लिहिलेला असतो. हे जनुक प्रचंड मोठं आहे, त्याचे 79 तुकडे म्हणजे एक्सॉन आहेत. हा मजकूर तीन-तीन अक्षरांचे शब्द पाडून वाचला जातो. समजा मजकूर आहे: बालक उठत बसत पळत. यातला ‘क’ उडाला तर वाचणारा पुन्हा तीन-तीनच पाडणार: बालउ ठतब सतप ळत. एक अक्षर गेलं आणि पुढचं सगळं सरकलं. भाच्याच्या बाबतीत हेच झालंय. सबंध शब्द उडाला असता, “बालक बसत पळत” झालं असतं, तर मजकूर अपुरा पण वाचण्याजोगा राहिला असता. तसाही एक आजार आहे, बेकर नावाचा, तो बहुतेकांना सौम्य असतो.

हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलीकडे एक्स दोन, एक बिघडला तरी दुसरा बराचसा सांभाळून घेतो. मुलाकडे एकच, आणि तो आईकडून आलेला. म्हणून हा आजार जवळजवळ नेहमी मुलग्यांना होतो, साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला. साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये बिघाड नव्यानेच झालेला असतो, आईकडे तो नसतोच. उरलेल्यांच्या आईकडे तो असतो आणि तिला बहुतेक त्याचा पत्ताही नसतो.

आमच्याकडे काय होतं ते अजून कळायचं होतं. पण घरात निकाल आधीच लागला होता. आपाचं लग्न फुप्पीच्या मुलाशी झालंय. फुप्पी म्हणजे आपाची सासू. तिने अम्मीला ऐकवलं, “भाभी, तुम्हारे खून में खोट है.” आणि मी, घरातला एकटा इंजिनिअर, आपल्यासारख्या शिबिरांत बसलेला, मी म्हणालो की नात्यात लग्न केलं की असंच होतं. आपाच्या तोंडावर म्हणालो. हे वाक्य आपण मंडळी फार सहज बोलतो. वाचलेलं असतं, आणि आपलं पुरोगामीपण त्यातून दिसतं.

काही दिवसांनी जेनेटिक कौन्सेलर बाईंनी कागदावर आमचं खानदान काढलं. मुलगे चौकोन, मुली गोल. त्यांनी शांतपणे सांगितलं की या आजारात नवरा आतेभाऊ असण्याचा काही संबंध नाही. दुल्हेभाई परक्या गावचे असते तरी हेच झालं असतं, कारण मुलाचा एक्स बापाकडून येतच नाही. थॅलेसेमियासारख्या आजारात आई-बाप दोघांकडून बिघाड यावा लागतो, तिथे नात्यातल्या लग्नाने धोका वाढतो, ते खरं आहे. मी दोन वेगळ्या गोष्टी एकात घालून माझ्या बहिणीला तिच्या लग्नाचा दोष दिला होता. घरी आल्यावर मी माफी मागितली. ती म्हणाली, “आधी याला अंघोळ घालू दे.”

त्याच दिवशी त्या बाईंनी अम्मीला विचारलं, तुम्हाला भाऊ होता का? अम्मी म्हणाली, “होता. त्याला पोलिओ झाला होता.” बाईंनी पेन खाली ठेवलं. कोणी काही बोललं नाही. मग त्यांनी मामूचा चौकोन काळा केला. नानीच्या गोलात ठिपका, अम्मीच्या गोलात ठिपका, आपाच्या गोलात ठिपका. माझा चौकोन पांढरा राहिला. अम्मीच्या दोन एक्सपैकी चांगला माझ्या वाट्याला आला, एवढंच. नाणं उडवल्यासारखं आहे ते. आणि छोटीच्या, माझ्या धाकट्या बहिणीच्या गोलात त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं.

आता मला जे सांगायचंय ते इथून पुढे आहे.

त्या वर्षी छोटीसाठी स्थळं येत होती. घरात बैठक झाली आणि ठरलं की बाहेर काही सांगायचं नाही. भाच्याला ‘कमजोरी’ आहे म्हणायचं. छोटीला स्वतःला तपासणीचं सांगायचं नाही, उगाच मनाला घोर. हे ठरवणाऱ्यांत मी होतो, बाकीच्यांपेक्षा मला जास्त कळत होतं तरी होतो. तिच्याकडे बिघाड असण्याची शक्यता निम्मी आहे हे त्या खोलीत माझ्याइतकं स्पष्ट कोणाला माहीत नव्हतं. मी म्हणालो, लग्न होऊ द्या, मग बघू. 2018 मध्ये निकाह झाला.

2019 मध्ये छोटीला दिवस गेले. बातमी आली त्या रात्री आपाचा मला फोन आला. “मैं छोटी कू बोलनेवाली हूं. मला सात वर्षांनी कळलं, तिला तसं नको.” मी म्हणालो, तिच्या सासरी काय होईल? आपा म्हणाली, “तुझ्याकडे चांगला एक्स आहे ना, मग तू झोप.” फोन ठेवला.

तिने सांगितलं. छोटीचा दहावा आठवडा चालू होता. पुढचे तीन-चार आठवडे आमच्या घराने कसे काढले ते मी सांगू शकत नाही. घरातला बिघाड नेमका कुठे आहे ते आधीच माहीत असल्यामुळे तिची तपासणी लवकर झाली. बिघाड होता. यापुढची माहिती तुमच्यापैकी कुणाला तरी कधी लागेल म्हणून सांगतो. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा 1994 चा कायदा अशा लिंगाशी जोडलेल्या आनुवंशिक आजारांसाठी गर्भाची तपासणी करू देतो, नोंदणी असलेल्या केंद्रात, रीतसर कागदपत्रं करून. अकराव्या ते तेराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा अगदी छोटा तुकडा घेऊन ती करता येते, नाहीतर पंधराव्या-सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजलातून. म्हणजे दिवस महत्त्वाचे असतात. आम्ही ते दिवस तीन वर्षं वाया घालवले होते.

तिचा निकाल काय आला आणि तिने काय ठरवलं हे सांगायची परवानगी तिने मला दिलेली नाही. ठरवलं तिने आणि तिच्या नवऱ्याने, एवढं सांगतो. तिचा नवरा माझ्याशी भांडला. म्हणाला, “आजार असला असता तरी मी निकाह केला असता की नसता, ते मला माहीत नाही. पण तुम्ही मला विचारलंच नाही.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. छोटी माझ्याशी जवळपास दोन वर्षं बोलली नाही. ईदला फोन करायची तो अम्मीला. मी बाजूला बसलेलो असायचो.

आता भाच्याकडे येतो. या आजारावर मुळातून उपाय नाही, पण ‘काहीच करता येत नाही’ हेही खोटं आहे. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी चालणं एखाद-दोन वर्षं जास्त टिकतं. आपल्याकडे डेफ्लाझाकॉर्ट मेडिकलमध्ये परवडेल अशा किमतीत मिळते. 2017 मध्ये अमेरिकेत तिला या आजारासाठी मान्यता मिळाली तेव्हा कंपनीने वर्षाला 89,000 डॉलर किंमत लावली आणि तिथे गदारोळ झाला. आपल्याकडे अडचण वेगळी आहे. एका वैदूने आपाला सांगितलं, स्टिरॉइड विष आहे, आजच बंद करा. ही गोळी अनेक महिने घेतल्यावर एकदम थांबवली तर शरीर कोसळतं. तिसऱ्या दिवशी मुलगा उलट्या करून निपचित पडला होता. रात्री दवाखाना गाठला म्हणून वाचला.

बाराव्या वर्षी तो व्हीलचेअरवर आला. दुल्हेभाईंनी दुकानातले पाइप जोडून खोलीत एक सांगाडा उभा केला आणि इंजिन उचलायची चेन कप्पी त्याला लावली. जाड कापडाची झोळी शिवून घेतली. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत, असं एक माणूस त्याला नेऊ शकतो. त्याआधी आपा उचलायची. 40 किलो झाला तरी उचलायची, तिच्या कमरेचा एक मणका सरकलाय. मी काय केलं, तर औषधांच्या वेळांसाठी अ‍ॅप बनवलं. रंगीत आलेख वगैरे. आपाने चार दिवस वापरलं आणि पुन्हा वही काढली. वहीत गोळ्या आहेत, किती वाजता कूस बदलली ते आहे, खोकला आहे, आणि मधेच कुठेतरी दुधाचा हिशोब. डॉक्टर प्रत्येक वेळी ती वहीच मागतात.

कूस बदलणं म्हणजे काय ते सांगतो. तो स्वतः कुशीवर वळू शकत नाही. दर दोन-तीन तासांनी कोणीतरी वळवावं लागतं, नाहीतर दुखतं, जखमा होतात. आता रात्री बायपॅप मशीन असतं, नाकावर मास्क, कारण झोपेत श्वास उथळ होतो. वीज गेली की मशीनसाठी इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टर बसेल का याची धास्ती. 2016 पासून गेल्या वर्षापर्यंत आपा एकही रात्र सलग झोपलेली नाही. हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. मी शनिवारी यायचो, भाच्याशी बुद्धिबळ खेळायचो, हरायचो आणि रविवारी परत जायचो.

तो तसा अवलिया आहे. दहावी त्याने लेखनिक घेऊन दिली, जादा वेळ मिळाला. भूमितीच्या आकृत्या तोंडी सांगून काढून घेणं सोपं नाही, करून बघा. 14 व्या वर्षी त्याला रोजे ठेवायचे होते. डॉक्टर नाही म्हणाले, स्टिरॉइड आणि हृदयाच्या गोळ्या वेळेवर जाव्या लागतात. आजाऱ्याला सूट आहे हे त्याला माहीत होतं, तरी रडला. मग त्याने स्वतःच काम शोधलं. सहरीला अख्ख्या नातलगांना फोन करून उठवतो. मला हडपसरला तीन वेळा करतो, कारण मी पहिल्या दोन वेळा उठत नाही. जुम्म्याला त्याला मशिदीत जायचं असायचं, पायऱ्या होत्या. कोणी अडवलं नव्हतं, पायऱ्यांकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं. दुल्हेभाईंनी उचलून ठेवता येईल असा लोखंडी उतार बनवून दिला. आता त्यावरून सगळ्यात जास्त म्हातारे जातात.

लोक विचारतात, इंजेक्शन आलंय ना? 2021 मध्ये मुंबईतल्या एका बाळासाठी 16 कोटींचं इंजेक्शन लोकवर्गणीतून आलं, सरकारने कर माफ केला, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. गावातून सल्ले आले, तुम्ही पण व्हिडिओ टाका. तो आजार वेगळा होता. आमच्या आजारासाठी अमेरिकेत 2023 मध्ये जनुकीय उपचाराला मान्यता मिळाली, किंमत 32 लाख डॉलर. 2025 मध्ये तो घेतलेल्या दोन मुलांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. 15-16 वर्षांची मुलं होती. ही बातमी मी भाच्यापासून लपवायचं ठरवलं होतं. सवय जात नाही. त्याने ती माझ्या आधी वाचली होती. म्हणाला, “मामू, ते दोघं पण चालत नव्हते ना?” मी हो म्हणालो. थोडा वेळ गेला. मग म्हणाला, “बरं झालं आपल्याकडे पैसे नव्हते.” आणि हसला. मला हसता आलं नाही.

मिळण्यासारखं जे आहे ते मात्र घ्यायला हवं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव आहे, युडीआयडी कार्ड मिळतं. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण 2021 चं आहे, त्यात या आजाराचा समावेश आहे, 50 लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे आणि ती ठरलेल्या केंद्रांतून मिळते. मुंबईचं केईएम त्यातलं एक. पण नव्या उपचारांच्या किमतीपुढे 50 लाख म्हणजे किती, हा हिशोब तुम्ही करा. आमचं कार्ड काढायला गेलो ते एक कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट बंद. दिव्यांगांचं कार्यालय. असो.

तुमच्याकडे माझं एक काम आहे. घरी गेल्यावर अम्मीला, नानीला विचारा: आपल्यात कोणी मुलगा असा होता का, जो आधी चालायचा आणि मग बसला? ‘पोलिओ’, ‘कमजोरी’, ‘नजर’, कुठलंही नाव असेल. फोटो असेल तर पोटऱ्या बघा. आणि तसं काही निघालं तर लग्न ठरण्याआधी घरातल्या मुलींना सांगा. त्यांच्या बापांना, भावांना नंतर सांगितलं तरी चालेल.

अजून एक गोष्ट राहिली. हा बिघाड असलेल्या बायका बहुतेक धडधाकट असतात, पण त्यांच्यातल्या काहींचं हृदय वयाबरोबर कमजोर होतं. म्हणून त्यांनी अधूनमधून इको करायला हवा. 2016 पासून आम्ही भाच्याचे कितीतरी इको केले. अम्मीचा पहिला इको गेल्या वर्षी झाला, 62 व्या वर्षी, तोही छोटीने हट्ट धरला म्हणून. हृदयाचा जोर थोडा कमी निघाला, गोळी सुरू आहे. जिना चढताना तिला धाप लागायची. आम्हाला वाटायचं, वय झालं.

छोटी आता बोलते माझ्याशी. तिनेच गेल्या वर्षी आपाच्या वहीच्या मागच्या पानावर वारांचा तक्ता काढला. बुधवारची रात्र दुल्हेभाई, गुरुवारची छोटीचा नवरा, तो केडगावहून येतो. शनिवार माझा. त्या तीन रात्री आपा दुसऱ्या खोलीत दार लावून झोपते.

आज शनिवार आहे. प्रश्न असतील तर पटकन विचारा, मला दौंडची लोकल पकडायची आहे.